चार दिवसांचं पाणी

वरचा डावा सुळा तिनं गरम सुरीच्या टोकानं मेणातून सोडवला, किंचित आत वळवला आणि पुन्हा बसवला. साचा डोळ्यांसमोर धरून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिला. दात सुरेख दिसत होते. नेमकं तेच चुकत होतं.

समोरच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘वरची-खालची पूर्ण कवळी. पेशंट ब्याऐंशी वर्षांचे आणि भयंकर चिकित्सक. दुसरीकडे करून घेतलेली कवळी परत केली. म्हणाले, हे दात माझे नाहीत, कुण्या बँक मॅनेजरचे आहेत. तेव्हा फार सरळ नकोत.’ खाली पेशंटचं नाव होतं. काल दुपारी ते नाव वाचल्यापासून तिनं दुसऱ्या कामाला हात लावला नव्हता. टेबलाच्या कडेला तिघांच्या दाढा आणि एका होऊ घातलेल्या नवरीचे पुढचे दोन दात ताटकळत पडले होते.

नाव सरांचं होतं. मातीतून माणसाचं डोकं कसं उभं करायचं, हे तिला सरांनी शिकवलं होतं. वर्गातले बाकीचे कोरण्या आणि तारा घेऊन बसत. ही सगळं अंगठ्यानंच करायची. ‘आली आमची अंगठेबहाद्दर,’ सर म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा उजव्याच्या जरा आधी उचलला जायचा, कारण त्याखालचा एक दात शेजारच्यावर चढून बसलेला होता. तो दात आता नव्हता. एकही नव्हता. तिच्यापुढे होता तो हिरड्यांचा प्लास्टरचा साचा, आणि नुसत्या हिरड्यांवरून चेहऱ्याचा काही पत्ता लागत नाही.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“त्यांचा जुना फोटो मिळेल का? दात असतानाचा, हसतानाचा.”

“मागवले होते मी, चार आले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चारही फोटोंत ओळखपत्रासाठी बसल्यासारखे बसलेत. ओठ घट्ट. तुम्ही करा हो अंदाजानं, तुमचा अंदाज चुकत नाही.”

तिनं फोन ठेवला. तुमचा अंदाज चुकत नाही. असली वाक्यं तिनं गेल्या दहा वर्षांत पुष्कळ ऐकली होती, आणि खोटं कशाला बोला, त्यांवरच ती जगत आली होती.

शिक्षण संपल्यावर तिच्या अंगठ्याला नोकरी मिळाली ती कृत्रिम दात बनवणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये. बारा वर्षं तिनं दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या घड्याळावर दात केले आणि मग ती नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत स्वतःची लॅब थाटली. लॅब म्हणजे एक टेबल, एक भट्टी, एक दिवा आणि ती. ‘दात कोरून पोट भरत नाही गं,’ ताई फोनवर म्हणाली होती. पण बेत दातांचा नव्हताच. बेत मातीचा होता. दातांनी फक्त मातीला पोसायचं होतं. सकाळ मातीची, दुपार दातांची, असं ठरलं. नवरा बस डेपोत वेळापत्रकं आखायचा. त्यानं हेही रीतसर आखलं, लाल शाईची चौकट मारली आणि खोलीच्या दाराला आतून चिकटवून दिलं.

“पहिली गाडी मातीची,” तो म्हणाला होता. “ती रद्द करायची नाही. पहिली चुकली की दिवसभराच्या चुकतात, हे मी तुला अनुभवानं सांगतो.”

पहिलं वर्षभर गाडी वेळेवर सुटली. तेव्हा सकाळी भरपूर होत्या आणि गिऱ्हाईक बेताचंच. दात आहेत तर चणे नाहीत, असं ती स्वतःच हसून सांगायची. मग एका डॉक्टरांचा फोन आला, की पेशंटला संध्याकाळी विमान गाठायचंय, एवढी एक दाढ दुपारपर्यंत होईल का? एकाच सकाळचा प्रश्न होता. दाढ झाली. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्या हातात जादू आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी एका डॉक्टरांना तिचा नंबर दिला. चणे मुबलक झाले, आणि दात कुठे गेले हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

पोटासाठी केलं, असं म्हणता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण पोट तिसऱ्या वर्षीच भरलं होतं. खरी गोष्ट अशी, की फोन वाजलेला तिला आवडायचा. दात तोंडात बसला की माणूस तिथल्या तिथे हसतो आणि डॉक्टर तिथल्या तिथे कौतुक करतात. माती कुणाचं कौतुक करत नाही. ती रोज सकाळी तशीच समोर उभी असते आणि तिच्यापुढे गेलं की कालची चूक आधी दिसते. दारावरचा कागद पिवळा पडला, मग घराला रंग देताना निघाला, आणि पुन्हा लावायचा राहून गेला.

सरांचं डोकं तिनं त्याआधी, गाडी अजून सुटत होती त्या दिवसांत, सुरू केलं होतं.

“सर, तुमचं डोकं करू का?” तिनं विचारलं होतं.

“चार वर्षं खाल्लंस तेवढं पुरे नाही झालं?” सर म्हणाले होते, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी आठाच्या ठोक्याला दारात हजर झाले होते.

पाच गुरुवार ते आले. पाठ ताठ ठेवून दोन-दोन तास बसले. पाचव्या बैठकीत तिनं तोंड पुरं केलं: ओठ, ओठांखालच्या दातांचा भार, आणि तो डावा कोपरा. सर उठून समोर आले आणि बराच वेळ बघत राहिले. ‘हा मीच आहे की,’ एवढंच म्हणाले. सरांच्या तोंडून एवढं ऐकायला लोक वर्षानुवर्षं झुरत. डोळे आणि कपाळ राहिलं होतं. ‘आणखी दोन बैठका लागतील सर, मी फोन करते,’ ती म्हणाली. मग चार दिवस परगावी जाऊन तिनं चिनी मातीचे दात करायचं प्रशिक्षण घेतलं, परत आली तो कामाचा ढीग पडलेला. एक महिना गेल्यावर फोन करणं अवघड झालं. वर्ष गेल्यावर कोणत्या तोंडानं करणार? अशी नऊ वर्षं गेली.

डोकं मागच्या गॅलरीत होतं. कापडात गुंडाळून, वर प्लॅस्टिक घालून, कोपऱ्यातल्या स्टँडवर. मातीचं काम अर्धवट ठेवलं तर त्यावरचं कापड रोज ओलं ठेवावं लागतं. वाळलं की माती आकसते आणि तडकते. परगावाहून परत आल्यापासून तिनं ते एकदाही ओलं केलं नव्हतं. पहिल्या काही महिन्यांत उद्या करू, उद्या करू असं झालं, आणि नंतर, आता काय उरलं असणार, म्हणून ती त्या कोपऱ्याकडे फिरकेनाशी झाली. गॅलरीत कपडे धुवायचं मशीन होतं आणि कपडे हे नवऱ्याचं खातं होतं, त्यामुळे न फिरकणं सोपं पडत होतं.

पण तडकलेलं का होईना, तोंड तिथे असेल. तुकडे असतील. ओठाचा एक तुकडा जरी सापडला, तरी खाली दात कसे होते हे तिला उलटं मोजून काढता येईल. तिनं मोजमापाचा कंपास घेतला, तुकडे ठेवायला जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि गॅलरीचं दार उघडलं.

प्लॅस्टिकला तिनं हात घातला आणि तो तसाच राहिला. आतून थेंब जमले होते. तिनं प्लॅस्टिक वर सारलं. कापड ओलं होतं. दमट नव्हे, चांगलं ओलं, गार.

काय झालं असेल, कसं झालं असेल, हे तिला सुचलंच नाही. तिला एवढा आनंद झाला, की तिनं भिंतीला हात टेकला. नऊ वर्षं आणि कापड ओलं. म्हणजे माती जिवंत होती. म्हणजे उद्या बसलं तरी चालणार होतं. सर होते, माती होती, फक्त दोन बैठकांचा प्रश्न होता. कापडाचे तीन पदर होते, तिनं ते एकेक करून सोडवले.

आत चेहरा नव्हता.

वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा एक गोळा होता. नाक उताराला लागून नाहीसं झालं होतं. डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे. जिथे तोंड होतं, तिथे काहीच नव्हतं. हनुवटीपासून गालापर्यंत सगळं एकसारखं, गुळगुळीत. फक्त डावा कान, जिथे कापडाची गाठ येत होती त्याच्या आड, शाबूत राहिला होता, आणि कानामागे तिच्या अंगठ्याची एक खूण. तिनं ओठाच्या जागेवर बोट ठेवलं. बोट पहिल्या पेरापर्यंत सहज आत गेलं.

मागे दार वाजलं. तिनं घाईघाईनं कापड ओढून घेतलं.

“अगं, घातलंय मी पाणी,” नवरा म्हणाला. त्याची सुट्टी होती. हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. “सकाळीच घातलं.”

ती वळली नाही. “रोज घालतोस?”

“रोज. सहा चाळीसला. मग आंघोळ.”

“कधीपासून?”

“हे काय विचारणं झालं? तूच सांगितलं होतंस. कापड वाळू द्यायचं नाही म्हणून. ते चिनी मातीचं शिकायला गेली होतीस बघ, तेव्हापासून.”

तिला आठवलं. टॅक्सी खाली उभी होती, एका हातात बॅग होती, आणि दारातूनच ती ओरडली होती, ‘रोज पाणी घाल रे, वाळू देऊ नकोस!’ चार दिवसांसाठी. किती घालायचं ते सांगितलं नव्हतं, कसं घालायचं तेही नाही. आणि परत आल्यावर, आता राहू दे, मी बघते, असं म्हणायचं तिला सुचलं नव्हतं.

“किती घालतोस?”

“एक भांडं भरून. उन्हाळ्यात दोन. वरून सोडायचं, म्हणजे सगळीकडे जातं.” त्यानं टोपली मशीनवर ठेवली. “आणि खालच्या ताटात ते गढूळ उतरतं ना, ते कुंड्यांना घालतो. वाया कशाला घालवा? बघ की, झाडं कशी तरारलीत.”

तिनं कुंड्यांकडे बघितलं. कठड्यावर ओळीनं सात कुंड्या होत्या आणि झाडं खरोखरच तरारलेली होती.

“उघडून बघितलंस कधी?”

“छे!” तो दुखावल्यासारखा म्हणाला. “अर्धवट काम कुणी बघितलेलं तुला चालत नाही, माहीत नाही का मला?” मग एक शर्ट झटकता झटकता थांबला. “का गं? ठीक आहे ना?”

“ओलं आहे,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

तो समाधानानं कपडे वाळत घालू लागला. तिनं कापडाचे तिन्ही पदर नीट केले, वरून प्लॅस्टिक ओढलं आणि कंपास घेऊन आत आली. रागवायला कुणी माणूस सापडला असता, तर तिला रडता तरी आलं असतं. पण या घरात जो तिच्या मातीला एक दिवस विसरला नव्हता, त्याच्यावर रागवायचं कसं? विसरलेलं माणूस एकच होतं आणि ते तिच्याच खुर्चीत बसलेलं होतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्या दुपारी तिनं फोन बंद ठेवला. साचा पुढे घेतला, मेण कोमट केलं आणि डोळे मिटले. ओठ तिला आठवत नव्हता, पण अंगठ्याला आठवत होता. तिनं बँक मॅनेजरचे सगळे दात उपसून काढले. पुढचे दोन किंचित पुढे घेतले, एकाची कड घासली, आणि डावीकडचा तो एक दात शेजारच्यावर चढवला. एवढ्या वर्षांत पुढच्या दातांत मुद्दाम वाकडेपणा तिनं पहिल्यांदाच केला. शेवटी हिरडीचं मेण तिनं सुरीनं गुळगुळीत केलं नाही, अंगठ्यानंच दाबलं, आणि तसंच राहू दिलं.

कवळी पक्की करण्याआधी ती मेणातच तोंडात बसवून पाहतात. हे काम डॉक्टरांचं. दात करणारीनं तिथे जायची गरज नसते. पण सोमवारी ती स्वतः डबा घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी तिला एक मास्क दिला आणि खुर्चीच्या मागे उभं राहू दिलं.

सर काठी टेकत आले. ते एवढेसे झाले होते. गाल आत गेले होते आणि नाक हनुवटीला भेटायला निघाल्यासारखं खाली झुकलं होतं. खुर्चीत बसताना त्यांनी पाठ मात्र ताठ केली. तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

“आ करा, आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आधी हातात द्या,” सर म्हणाले. दात नसल्यानं शब्द ओठांतच अडकत होते. “तोंडात नंतर.”

त्यांनी वरची कवळी हातात घेतली, लांब धरली, खिडकीच्या उजेडाकडे वळवली. विद्यार्थ्यांची कामं ते अशीच बघत. बघताना कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नसे. चढलेल्या दातापाशी त्यांचं बोट थांबलं. मग ते बोट वर हिरडीवर गेलं आणि मेणातल्या त्या दाबावर हळूच फिरलं.

“अंगठेबहाद्दर कुठाय?” त्यांनी विचारलं.

तिनं मास्क काढला. “सर.”

सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कवळ्या तोंडात बसवल्या, जबडा मिटायला सांगितला, उघडायला सांगितला, आणि हातात आरसा दिला. गाल भरून आले होते, नाक आपल्या जागी गेलं होतं. सर आरशात बघत राहिले, आणि मग ओठाचा डावा कोपरा उजव्याच्या जरा आधी उचलला गेला. क्षणभर खुर्चीत गुरुवारचा माणूस बसला होता. तिनं तो पाहिला, आणि पाहता पाहता तिचे डोळे भरून आले.

“हा दात चढलेला होता, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर. लक्षात होतं.”

डॉक्टरीणबाईंना बाहेरून हाक आली. ‘बोला तुम्ही, आलेच,’ म्हणून त्या गेल्या. सरांनी आरसा मांडीवर पालथा घातला.

“मी गुरुवार मोकळे ठेवत होतो,” ते म्हणाले.

“किती दिवस, सर?”

“दिवस कसले? तीन वर्षं. बायको म्हणायची, अहो, विसरली असेल ती. मी म्हणायचो, दोन बैठका उरल्यात हे कुणाला विसरता येत नाही.”

“विसरले नव्हते, सर.”

“तेच म्हणतोय मी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “आहे का अजून?”

हो म्हणता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? तिनं तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं.

“नाही, सर. पाणी जास्त झालं. चेहरा गेला.”

“जास्त झालं?” सर खुर्चीत सावरून बसले. एकदम वर्गातल्यासारखे. “कमी पाण्यानं तडकलेली मी शेकड्यानं पाहिलीत. जास्त पाण्यानं गेलेलं हे पहिलंच.”

“नवऱ्यानं घातलं. रोज एक भांडं. नऊ वर्षं. मी चार दिवसांसाठी सांगितलं होतं, त्यानं मोडलं नाही. मला परवापर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं.”

बाहेर कुणाच्या तरी दाढेवर यंत्र चालू झालं आणि थांबलं.

“आणि तू काय करत होतीस?” त्यांनी विचारलं.

“दात.”

सरांनी जीभ नव्या दातांवरून सावकाश फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“चांगले केलेस,” ते म्हणाले. “अगदी चांगले. हे माझेच आहेत.” मग आरशाची मूठ चाचपत म्हणाले, “पण हे माझ्याबरोबर जातील गं. ते मागे राहिलं असतं.”

ती तिथेच उभी होती. हातात डबा होता, तो तिनं उगाचच बंद केला, पुन्हा उघडला.

“सर, पुन्हा बसाल? मी नव्यानं उभं करते. या गुरुवारी.”

“गुरुवारी आता गुडघ्यांचा व्यायाम करून घ्यायला बाई येते.” सर हसले, आता त्यांना हसता येत होतं. “आणि पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही मला. मग पाठ बोलते. बघू. तू फोन कर.”

“करते,” ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वीही ती हेच म्हणाली होती. ते दोघांनाही आठवलं असावं, कारण डॉक्टरीणबाई परत येईपर्यंत दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला साडेसहालाच जाग आली. ती उठून लॅबमध्ये गेली, प्लास्टरवर मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि गॅलरीत जाऊन स्टुलावर बसली. सहा चाळीसला दार उघडलं. नवरा पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळत आत आला आणि तिला बघून थबकला.

“तू? एवढ्या लवकर?”

“जाग आली.”

“बरं झालं.” त्याचा चेहरा खुलला. “काल विचारायचं राहिलं. सर भेटले? येतायत का बसायला? दोनच बैठका राहिल्यात म्हणाली होतीस ना?”

“दोनच.”

“मग होईल की आता. माती तयारच आहे.”

त्यानं प्लॅस्टिक वर सारलं आणि भांडं उचललं. तिला सगळं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या एका वाक्यात याच्या नऊ वर्षांच्या सगळ्या सकाळी खालच्या ताटात उतरल्या असत्या, आणि तिच्या स्वतःच्या तर कधीच उतरून गेल्या होत्या. तिनं उठून त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि बाटली दिली.

“यानं मार,” ती म्हणाली. “भांड्यानं नको.”

त्यानं बाटली उलटसुलट करून पाहिली, एकदा हवेत फवारली. बारीक तुषार कापडावर उडाले.

“एवढंसं? एवढ्यानं पुरतं?”

“पुरतं.”

मग तो कापडाला चहूबाजूंनी फिरला. कापडाखाली कपाळ जिथे असावं असं त्याला वाटत होतं तिथे, गाल जिथे असावेत तिथे, नाकाच्या दोन्ही बाजूंना जरा जपून, आणि शेवटी वाकून कानांच्या मागे, असं त्यानं एकेक ठिकाण नीट ओलं केलं. ती भांडं हातात धरून बघत होती.

“सोपं आहे की हे,” तो म्हणाला. “मग आधी सांगायचं नाही का?”

“हो,” ती म्हणाली. “आधी सांगायला हवं होतं.”